चाळीस डॉलरचं बिडाचं यंत्र आणि १८७८ चा कायदा

(पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.)

मागच्या महिन्यात ओहायोत राहणाऱ्या मावसभावाने व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. तिकडे म्हातारं माणूस गेलं की मुलं घरातलं सगळं सामान अंगणात मांडतात, चिठ्ठ्या चिकटवतात आणि दोन दिवसांत विकून मोकळी होतात. आपल्या पुण्याच्या जुन्या बाजारासारखंच, फक्त घरोघरी. तर अशाच एका अंगणात टेबलावर एक जाडजूड बिडाचं यंत्र ठेवलेलं. वर लांब दांडा. शेजारी छोट्या डब्यांत स्टीलचे डाय, एक नाजूक तराजू, दोन-तीन बाटल्या आणि बिस्किटाच्या डब्यात पितळेच्या रिकाम्या पुंगळ्या.

खाली मेसेज : "दादा, हे काय आहे? चाळीस डॉलरला देतायत. हँड प्रेस आहे असं वाटतंय. बाबांच्या वर्कशॉपमध्ये शोभेल. डिसेंबरला येताना घेऊन येऊ का?"

त्याच्या बाबांचं, म्हणजे माझ्या काकांचं, इचलकरंजीला लेथचं छोटं वर्कशॉप होतं. पोरगं लहानपणापासून लोखंडाच्या वासात वाढलेलं. चांगलं बीड दिसलं की हात शिवशिवतात. मी त्याला लगेच फोन केला आणि पहिलं वाक्य बोललो ते हे : "अरे, घ्यायचं असेल तर घे, तुझ्या घरी ठेव. पण भारतात आणायचा विचारसुद्धा करू नकोस."

का, ते सांगायला मला पाऊण तास लागला. म्हटलं, हे इथे लिहून काढावं. कारण हा प्रश्न एका यंत्राचा नाही. दीडशे वर्षांपूर्वी दोन वेगवेगळ्या सरकारांना जवळजवळ एकाच वेळी कळलं की बंदूक हातात असणं ही अर्धीच गोष्ट आहे. उरलेली अर्धी म्हणजे पुंगळी पुन्हा कोण भरणार.

◆

आधी यंत्र म्हणजे काय ते बघू.

काडतुसाचे चार भाग. पुढे शिशाची किंवा तांब्याचं आवरण असलेली गोळी. आत दारू. बुडाला एक छोटीशी टोपी, तिला प्रायमर म्हणतात. तिच्यावर ठोका बसला की ठिणगी पडते. आणि हे सगळं धरून ठेवणारी पितळेची पुंगळी. बार उडाला की गोळी जाते, दारू जळते, टोपी निकामी होते. पुंगळी मात्र शिल्लक राहते. आणि चौघांत सगळ्यात महाग तीच. म्हणजे शंभर रुपयांच्या वस्तूतला मोठा वाटा खाली जमिनीवर पडलेला असतो, तो उचलून पुन्हा वापरता येतो. फोटोतलं यंत्र त्यासाठीच. थोडी फुगलेली पुंगळी डायमध्ये दाबून मूळ मापाला आणायची आणि ती नव्याने भरायची.

हे शक्य झालं ते १८६६ च्या सुमारास. त्याआधी काडतूस कागदाचं असायचं. १८५७ चं ते कुप्रसिद्ध एनफील्डचं काडतूस आठवा. दाताने फाडायचं होतं ते. कागद जळून जायचा, मागे काहीच उरत नसे. मग पितळेची पुंगळी आली आणि तिच्या बुडाची टोपी बदलता येऊ लागली. दोन माणसांनी ही गोष्ट जवळजवळ एकाच वेळी साधली. अमेरिकेत हिराम बर्डन, यादवी युद्धात नेमबाजांच्या तुकडीचा कर्नल. इंग्लंडमध्ये एडवर्ड बॉक्सर, वूलिचच्या सरकारी दारूगोळा प्रयोगशाळेतला अधिकारी.

गंमत बघा. बॉक्सर इंग्रज, पण त्याची टोपी रुजली अमेरिकेत. बर्डन अमेरिकन, पण त्याची पद्धत गेली युरोपातल्या सैन्यांकडे. बॉक्सरच्या पुंगळीला बुडात मधोमध एकच भोक असतं, त्यामुळे वापरलेली टोपी एका सुईने आतून ढकलली की बाहेर. बर्डनच्या पुंगळीत मधे उंचवटा आणि बाजूला दोन बारीक भोकं, सुई घालायला जागाच नाही. म्हणून अमेरिकेत सामान्य माणूस घरी पुंगळ्या भरत राहिला आणि युरोपातल्या लष्करी पुंगळ्या बहुतेक भंगारात गेल्या. एका भोकाचा फरक! हे भोक लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा येणार आहे.

◆

आता अमेरिकेच्या मैदानी प्रदेशात जाऊ. साल १८७२-७४. रेल्वे पोचली होती, गव्याच्या म्हणजे बायसनच्या कातड्याला भाव आला होता आणि शार्प्ससारख्या लांब पल्ल्याच्या रायफली घेऊन शिकारी उतरले होते. हे शिकारी तयार काडतुसांच्या पेट्या वाहून नेत नसत. त्यांच्या गाड्यांवर दारूची पिंपं आणि शिशाच्या कांबी असत. दिवसभर मारायचं, रात्री शेकोटीपाशी शिसं वितळवून गोळ्या ओतायच्या आणि त्याच पुंगळ्या पुन्हा भरायच्या. एकेक पुंगळी कितीदा तरी वापरली जायची. शतकाच्या सुरुवातीला कोटींनी मोजावेत इतके बायसन होते. १८८९ पर्यंत हजाराच्या आसपास उरले. म्हणजे पुंगळी पुन्हा भरण्याची ही स्वस्त सोय नुसती काटकसरीची कहाणी नाही, हे आधीच सांगून ठेवतो. लाकोटा, शायान, कोमांची लोकांचं अन्न, तंबू, कपडे, सगळं त्या जनावरावर होतं. तेच संपलं.

आणि त्याच लोकांनी, ज्यांचं सगळं हिरावलं जात होतं, तीच युक्ती उचलली. रिचर्ड डॉज नावाच्या अमेरिकी कर्नलने १८८२ मध्ये छापलेल्या पुस्तकात मैदानी टोळ्यांमधले लोक रिकाम्या पुंगळ्या स्वतः कशा भरतात याचं वर्णन केलं आहे. कारण त्यांची अडचण साधी होती. बंदूक एकदा मिळाली की वर्षानुवर्षं चालते, काडतूस मात्र दर वेळी व्यापाऱ्याकडूनच घ्यावं लागतं. आणि व्यापारी सरकारच्या मर्जीतला.

२५ जून १८७६. लिटल बिगहॉर्न नदीकाठी कस्टरची तुकडी लाकोटा आणि शायान योद्ध्यांनी कापून काढली. अमेरिकी सरकार हादरलं. आणि बरोबर सहा आठवड्यांत, ५ ऑगस्ट १८७६ ला, अमेरिकी काँग्रेसने एक ठराव केला. त्याचा आशय असा, की वायव्येकडच्या शत्रू टोळ्यांकडे ज्या बंदुका आहेत त्यांना खास धातूची काडतुसं लागतात, ती व्यापाऱ्यांमार्फत त्यांच्यापर्यंत पोचतात, तेव्हा ती पोचू नयेत यासाठी राष्ट्राध्यक्षांनी उपाय करावेत.

नीट वाचा. रोख काडतुसावर आहे. बंदुका तर त्यांच्या हातात गेलेल्याच होत्या, त्या परत मिळवणं अवघड. काडतूस बंद केलं की बंदूक म्हणजे काठी.

त्याच काळात अमेरिकी सैन्याची स्वतःची तांब्याची काडतुसं अशी होती की टोपी आतच बसवलेली, पुंगळी परत भरता येत नसे. १८८० च्या दशकात सैन्यानेही पुन्हा भरता येणाऱ्या पुंगळ्या घेतल्या आणि पलटणींना भरण्याची अवजारं दिली, कारण सैनिकांचा नेमबाजीचा सराव वाढवायचा तर नवी काडतुसं परवडत नव्हती. आणि १८८४ मध्ये कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनला जॉन बार्लो नावाच्या माणसाने आयडियल नावाची कंपनी काढली. तिचं अवजार अडकित्त्यासारखं. दोन दांडे, मधे डाय. खिशात मावेल असं. शेतकरी, शिकारी, शौकीन, कोणीही विकत घ्यावं. कोणी नाव विचारत नव्हतं.

म्हणजे अमेरिकेत गोऱ्या नागरिकाला अवजार खुल्या दुकानात आणि मूळ रहिवाशाला काडतूससुद्धा बंद. यंत्र एकच, कायदा कोणासाठी ते वेगळं.

◆

आता आपल्याकडे या. साल १८७८.

१८५७ नंतर इंग्रज सरकारने एक धडा गिरवला होता. हिंदी शिपायाला बंदूक द्यायची, पण गोऱ्या शिपायापेक्षा एक पिढी जुनी. गोऱ्यांना मार्टिनी-हेन्री आली तेव्हा हिंदी पलटणींना स्नायडर. स्नायडरचं काडतूस वर सांगितलेल्या त्याच बॉक्सरने बनवलेलं. आणि काडतुसं बनवण्याचा कारखाना? तो सरकारच्या मुठीत. १८६९ मध्ये आपल्या खडकीला दारूगोळा कारखाना सुरू झाला. पुण्याच्या लोकांना 'ॲम्युनिशन फॅक्टरी' म्हटलं की बसचा थांबा आठवतो. पण तो कारखाना त्या धोरणाचा भाग होता.

मग मार्च १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात दोन कायदे आले. एक देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा. दुसरा शस्त्र कायदा. पहिला आपल्याला शाळेत शिकवतात. त्यावर ओरडाही झाला आणि चारेक वर्षांत तो रद्दही झाला. दुसरा मात्र राहिला.

शस्त्र कायद्यात परवाना हवा, हे सगळ्यांना माहीत आहे. युरोपियनांना नियमांमधून सूट होती, हेही बऱ्याच जणांना माहीत आहे. राष्ट्रीय काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांतही या कायद्याविरुद्ध ठराव झाले. पण माझं म्हणणं एका छोट्या ओळीबद्दल आहे, जिकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. 'दारूगोळा' कशाला म्हणायचं, याची व्याख्या.

त्या व्याख्येत रॉकेट आहेत, डायनामाइट आहे, चकमकीच्या बंदुकीचे गारगोटीचे तुकडे आहेत, ठासणीच्या बंदुकीच्या टोप्या आहेत. मग येतात दारूगोळ्याचे सगळे सुटे भाग. आणि शेवटी : दारूगोळा तयार करायची सगळी यंत्रसामग्री. म्हणजे कायद्याच्या नजरेत यंत्र हेच दारूगोळा! बिडाचा तो तुकडा, ज्यात दारूचा कणही नाही, तोही दारूगोळा. सूट फक्त शिसं, गंधक आणि सोऱ्याला, कारण ते रोजच्या बाजारातले जिन्नस. त्यावर बंदी घातली असती तर व्यापार ठप्प झाला असता.

कायदा लिहिणारा माणूस हुशार होता हे मान्य करायला हवं. त्याला कळलं होतं की ठासणीच्या बंदुकीचा जमाना संपत आलाय. ठासणीच्या बंदुकीला काय लागतं? कोळसा, गंधक, सोरा एकत्र करून गावात दारू बनायची, शिसं ओतलं की गोळी. सरकारने कितीही डोळे वटारले तरी गावाला लागणारं गावात मिळत होतं. पितळेच्या पुंगळीने ते गणित बदललं. पुंगळी गावच्या तांबटाला बनवता येत नाही. टोपीतलं रसायन वैदूला जमत नाही. आता फक्त एकच वाट उरली होती : वापरलेली पुंगळी यंत्राने परत भरणं. ती वाट एका ओळीत बंद केली.

पुढच्याच वर्षी, १८७९ मध्ये, वासुदेव बळवंत फडके रामोश्यांना घेऊन उठले. पुण्यातल्या लष्करी हिशेबाच्या कचेरीत नोकरी केलेला माणूस. त्यांच्या लोकांकडे काय होतं? तलवारी, भाले, थोड्या बंदुका. समोर इंग्रजांच्या पलटणी. त्यांचं बंड मोडण्याची कारणं बरीच आहेत आणि मी ती सगळी एका कायद्यावर ढकलणार नाही. पण विसाव्या शतकाकडे निघालेल्या सैन्यासमोर अठराव्या शतकातल्या हत्यारांनी उभं राहावं लागलं, हे काही आपोआप घडलं नव्हतं. ते घडवलं होतं.

◆

मग अमेरिकेतलं यंत्र स्वस्त आणि इतकं सर्रास कसं झालं? याचं उत्तर फार मजेदार आहे : तो सगळा धंदाच जुन्या मालावर उभा राहिला.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतले काडतुसांचे कारखाने सैन्यासाठी राबत होते. शिकाऱ्याला दुकानात माल मिळेना. १९४३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावात फ्रेड हंटिंग्टन नावाच्या तरुणाने असे डाय बनवले, ज्यात पॉइंट टूटूच्या वापरून फेकलेल्या पुंगळ्यांपासून गोळीचं आवरण बनायचं. ज्या पुंगळ्या परत भरता येत नाहीत, त्याच कच्चा माल! त्याच्या कंपनीचं नाव आरसीबीएस. आजही तिकडे जुन्या बाजारात पहिलं हेच नाव ऐकू येतं.

युद्ध संपलं. सरकारकडे दारूचे डोंगर पडून होते. कॅन्सासमधल्या ब्रूस हॉजडन नावाच्या माणसाने कर्ज काढून ती सरकारी शिल्लक दारू घेतली, जुन्या मालगाडीच्या डब्यात साठवली आणि किरकोळ विकायला लागला. नेब्रास्कात जॉइस हॉर्नेडीने १९४९ मध्ये गोळ्यांचा कारखाना काढला, तोही युद्धकाळातल्या सरकारी कारखान्यातून निघालेली यंत्रं घेऊन. १९५८ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये रिचर्ड ली याने घरच्या वर्कशॉपमध्ये इतकं साधं अवजार बनवलं की त्याला प्रेसही लागत नव्हती.

सरकारी भंगार, लष्कराची शिल्लक, फेकलेल्या पुंगळ्या. आज जो अंगणात मांडलेल्या टेबलावरून चाळीस डॉलरला प्रेस उचलतो, तो त्या परंपरेतच बसतो.

वर आणखी एक गोष्ट त्यांनी केली, जी आपल्या वर्कशॉपवाल्यांना लगेच कळेल. डायचे आटे सगळ्यांनी एक ठरवले : सात अष्टमांश इंच व्यास, इंचाला चौदा आटे. त्यामुळे आजोबांच्या प्रेसमध्ये नातवाचा नवा डाय बसतो. बीड झिजत नाही, आटे बदलत नाहीत. मग जुनं यंत्र भंगारात का जाईल? घेणारा काय बघतो, तर आतला दांडा सरळ वर-खाली होतो का, डायमध्ये गंज किंवा ओरखडे आहेत का, तराजू शून्यावर येतो का. लेथ घेताना आपण जे बघतो तेच.

आणि काय घेत नाही, तेही तितकंच महत्त्वाचं. बाटल्या. माणूस गेलेला, बाटलीवर चिठ्ठी नाही किंवा चिठ्ठी एक आणि आतली दारू भलतीच. दोन वेगवेगळ्या दारू दिसायला सारख्या असतात पण जळतात वेगळ्या वेगाने, आणि चूक झाली तर बंदूक तोंडाजवळ फुटते. शिवाय दारू जुनी झाली की आतून कुजते, आंबूस वास येतो, तांबूस पूड दिसते. भावाला मी बजावलं : यंत्र घे, बाटलीला हात लावू नकोस, विकणाऱ्यांना सांग की तिथल्या अग्निशमन दलाला विचारून विल्हेवाट लावा. आणि ते टेबल हाताळल्यावर हात धू, शिशाची पूड असते.

तिथला कायदा काय म्हणतो? १९६८ च्या त्यांच्या केंद्रीय कायद्याने काडतुसं बनवून विकायला परवाना लागतो. स्वतःपुरती भरायला केंद्राचा परवाना लागत नाही. राज्याराज्यांत फरक आहे, पण यंत्र घरी ठेवणं हा गुन्हा नाही.

मग तिकडे सगळं मोकळं आहे का? तसंही नाही. २०१२-१३ मध्ये आणि पुन्हा २०२०-२१ मध्ये तिकडे काडतुसांचा तुटवडा पडला. लोक जुनी यंत्रं शोधायला धावले. यंत्रं मिळाली. पण प्रायमर मिळेनात! ती छोटी टोपी घरी बनवता येत नाही, ती बनवणारे अमेरिकेत मोठे ब्रँड मोजून चार, आणि त्यातले तीन एकाच समूहाच्या हातात. २०२४ मध्ये तो समूह एका झेक कंपनीने विकत घेतला. म्हणजे घराघरात यंत्र, पण चावी दोन-तीन कंपन्यांकडे. १८७६ मध्ये सरकारने जे मूळ रहिवाशांना केलं, ते बाजाराने कायद्याशिवाय सगळ्यांना केलं.

◆

आता परत आपल्याकडे, आणि मूळ प्रश्नाकडे.

१८७८ चा कायदा गेला कधी? स्वातंत्र्यानंतर लगेच नाही. नवा शस्त्र कायदा झाला १९५९ मध्ये आणि लागू झाला १ ऑक्टोबर १९६२ पासून. म्हणजे लिटनचा कायदा स्वतंत्र भारतात पंधरा वर्षं चालू होता. आणि नव्या कायद्याचं कलम २ उघडा. 'दारूगोळा' याची व्याख्या. रॉकेट आहेत, बॉम्ब आहेत, आणि खाली : दारूगोळ्याचे भाग आणि दारूगोळा तयार करायची यंत्रसामग्री. ऐंशी वर्षांनी, नव्या सरकारने, तीच ओळ पुढे चालवली.

त्याच कायद्याचं कलम १० सांगतं की परवान्याशिवाय दारूगोळा भारतात आणता येत नाही. दोन्ही कलमं एकत्र वाचा. भावाच्या बॅगेतलं ते बिडाचं यंत्र विमानतळावर 'शोभेची वस्तू' ठरेल का? त्यात दारू नाही, गोळी नाही, बंदूक तर नाहीच. तरी व्याख्येत ते बसतं. बॅगेच्या कोपऱ्यात विसरलेलं एक काडतूस सापडलं म्हणून गुन्हा दाखल होऊन लोकांना हायकोर्टापर्यंत जावं लागल्याच्या बातम्या आपण वाचतोच. कोर्टं 'जाणूनबुजून ताब्यात ठेवलं होतं का' हे बघतात आणि बरेचदा माणूस सुटतो. पण हे यंत्र काही विसरून बॅगेत जात नाही. वीस किलोचं धूड! "मला माहीत नव्हतं" एवढंच म्हणायला उरतं, आणि कायदा माहीत नसणं ही सबब चालत नाही.

तर मग हा कायदा बदलावा का? इथे कॉमेंटमध्ये भांडणं होणार हे दिसतंय, म्हणून माझं मत स्पष्ट लिहितो. घरोघरी काडतुसं भरायला मोकळीक द्यावी असं मला वाटत नाही. गावठी कट्टे आणि त्यांच्या गोळ्यांचा आपला अनुभव पुरेसा आहे. मोजलेल्या पुंगळीमुळे हिशेब राहतो. पोलिसांच्या सरावानंतर रिकाम्या पुंगळ्या मोजून जमा होतात, अनेक ठिकाणी परवानाधारकाला नवी काडतुसं घेताना जुन्या पुंगळ्या दाखवाव्या लागतात, हे मला योग्यच वाटतं.

पण एखादी ओळ योग्य असणं आणि ती का लिहिली गेली हे विसरणं, या दोन गोष्टी वेगळ्या. लिटनने ती लिहिली ती रयतेच्या सुरक्षेसाठी नाही, रयतेपासून स्वतःच्या सुरक्षेसाठी. आपण ती ठेवली नागरिकांच्या सुरक्षेसाठी. शब्द तेच, मालक बदलला. मालक बदलला की शब्द परत एकदा वाचून बघायचे असतात. ते वाचन आपण नीट केलं का, एवढाच माझा प्रश्न.

एक उदाहरण देतो. कोकणात रानडुकरं भातात घुसतात. शेतकऱ्याला पीकसंरक्षणासाठी परवाना मिळतो. त्याच १९५९ च्या कायद्यात या कामासाठी पहिली निवड कुठली, तर ठासणीची बंदूक. ती पुरणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तरच दुसरी. ठासणीच्या बंदुकीला पुंगळीच नाही. म्हणजे १८६६ मध्ये जग जिथून पुढे गेलं, त्याच्या अलीकडे आपला शेतकरी कायद्याने उभा. डुक्कर मात्र आजचं आहे. यावर विधानसभेत, संसदेत शांतपणे बोलता येणार नाही का?

दुसरं उदाहरण अभिमानाचं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्य मिळवलं. ती रायफल पॉइंट टूटूची. तिच्या काडतुसात टोपी वेगळी नसते, ठिणगीचं रसायन पुंगळीच्या काठातच भरलेलं असतं; त्यामुळे पुंगळी एकदाच वापरायची. म्हणजे या खेळात सराव म्हणजे दर गोळीला नवं काडतूस, प्रत्येकाचा पैसा. आमच्या कोल्हापूरकडच्या पोरापोरींनी काय खर्च काढून हे पदकांचं स्वप्न बघितलं असेल, ते या एका तांत्रिक गोष्टीवरून कळावं.

◆

शेवट सांगतो.

भावाने यंत्र घेतलं. ओहायोतच, त्याच्या गराजमध्ये, बोल्ट मारून बसवलंय. काकांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. काका म्हणाले, "बीड चांगलंय रे. ओतकाम बघ कसं आहे." एवढंच. त्यांना तेवढंच हवं होतं.

बिस्किटाचा डबाही त्याबरोबर फुकट आला होता. एका संध्याकाळी तो पुंगळ्या निवडत बसला आणि रात्री मला आणखी एक फोटो आला. पुंगळीच्या बुडावर कोरलेली अक्षरं : के, मधे बाण, मग एफ. खाली दोन आकडी साल.

के एफ म्हणजे किर्की फॅक्टरी. आपली खडकी. पॉइंट थ्री-नॉट-थ्रीची इंग्रजांच्या काळातली पुंगळी, कुठल्या युद्धातून, कुठल्या लिलावातून फिरत फिरत ओहायोतल्या बिस्किटाच्या डब्यात पोचली कोण जाणे. त्या म्हाताऱ्याने ती वेगळ्या पिशवीत बांधून ठेवली होती. भावाने विचारलं, "दादा, ही का वापरली नसेल त्याने?"

म्हटलं, आत टॉर्च मारून बघ. भोकं किती?

"दोन."

बर्डनची. त्या यंत्राची सुई तिच्यात चालत नाही. खडकीच्या कामगाराने बनवलेली ती पुंगळी एकदाच उडावी, पुन्हा कोणाच्या हातून भरली जाऊ नये, अशीच जन्माला आली होती. लष्करी सोय म्हणून ती पद्धत निवडली गेली असेल. पण परिणाम तोच.

ती पुंगळीसुद्धा इकडे आणू नकोस, असं सांगितलंय. खडकीची असली तरी.

तुमच्यापैकी कोणाच्या घरातलं कोणी खडकी, वरणगाव किंवा इतर दारूगोळा कारखान्यात कामाला होतं का? असेल तर तिथल्या जुन्या आठवणी खाली जरूर लिहा. आणि परदेशातून डिसेंबरात येणारं कोणी असेल, तर ही पोस्ट त्यांच्यापर्यंत पोचवा. बॅग भरायच्या आधी.